रक्कम उघड, कारण झाकलेलं: आपल्याकडच्या भिशीची जुनी रीत

आज पैशाच्या जुन्या रीतीविषयी थोडं लिहितो. माझं घर पेडण्याचं, आजोळ डिचोलीचं. दोन्हीकडे बँक आल्यानंतरही माणसं आपापसात पैसा फिरवत राहिली. बायकांची भिशी होती, देवळाचा फंड होता, भजनी सप्ताहातली पावणी होती. हप्ता किती, मुदत किती हे नियम सगळ्यांना ठाऊक. पण त्याच्याही आधीचा एक नियम असायचा आणि तो कुठे लिहिलेला नसायचा. चारचौघांत काय मोठ्याने सांगायचं आणि काय विचारायचंच नाही, हा तो नियम.

याची मुळं फार मागे जातात. गोव्यातल्या गावकारीचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी पहिल्यांदा कागदावर आणले ते 16 सप्टेंबर 1526 रोजी, अफोन्सो मेशिया या महसूल अधिकाऱ्याच्या हातून. त्याला ‘फोराल’ म्हणतात. तो तिसवाडीच्या गावांसाठी होता. पण त्यांनी काही नवीन केलं नव्हतं, गावात आधीपासून जे चालत होतं तेच नोंदवलं. गावची शेतं पावणीत, म्हणजे लिलावात द्यायची. आलेल्या पैशातून आधी सरकारचा सारा, मग देऊळ, बांध, गावचे सेवेकरी, आणि उरेल ते गावकारांत ‘जण’ म्हणून वाटायचं.

या कारभारात बोलण्याचीही शिस्त होती. बैठकीत घराण्यांचा, म्हणजे वांगडांचा क्रम ठरलेला. ठराव झाला की त्याला ‘नेमो’ म्हणायचे, आपल्या ‘नियम’ शब्दाचंच ते रूप. तो कुळकर्ण्याने वहीत लिहायचा. जुन्या रीतीत एका वांगडानेही ‘नाका’ म्हटलं तर ठराव अडायचा. आज हे वेळखाऊ वाटेल. पण सगळ्यांच्या पैशाचा निर्णय सगळ्यांच्या कानावरून गेलाच पाहिजे, हा त्यामागचा हिशेब होता.

आपला भाग पोर्तुगीजांकडे उशिरा गेला. डिचोली, सत्तरी, पेडणे हे सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातले महाल. अठराव्या शतकाच्या शेवटी ते पोर्तुगीजांकडे आले, पेडणे 1788 साली. म्हणून यांना नव्या काबिजादी म्हणतात. इथे देसाई-देशप्रभूंची वतनं मोठी, हिशेब मराठीत, मोडी लिपीत. इथल्या चालीरीतींना हात लावायचा नाही असं सरकारने मान्य केलं होतं. पुढे 1853 साली नव्या काबिजादीतल्या लोकांच्या रूढींची संहिता मंजूर झाली आणि पोर्तुगीजबरोबर मराठीतही छापली गेली. आपले आजे-पणजे ज्या नियमांनी वागत होते ते त्यांना स्वतःच्या भाषेत वाचता येऊ लागले. मला ही गोष्ट मोठी वाटते.

देवळांसाठी 1933 साली महाजनांची नियमावली आली. अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार, वह्या, मामलेदाराची देखरेख, हे सगळं त्यात बसवलं. डिचोलीला आजोळी असताना मी सभामंडपात बसून जमाखर्च ऐकलेला आहे. तेलाचे इतके, पालखीच्या दुरुस्तीचे इतके. कंटाळा यायचा! पण ऐकताना एखादा म्हातारा मध्येच हात वर करायचा, ‘नारळ गेल्या वर्षी इतके नव्हते’, आणि वाचणाऱ्याला थांबावंच लागायचं. सप्ताहानंतर फळांची पावणी व्हायची तेव्हाही तसंच. एका नारळावर बोली चढत जायची, आणि कोणी किती बोलला हे सगळ्या गावाला पाठ.

आता यातली दुसरी बाजू. गावकारीच्या बैठकीत बायकांना जागा नव्हती. कुळा-मुंडकारांना नव्हती. देवळाच्या महाजनांतही पुरुषच. त्यांच्या घामाचा पैसा तिथे मोजला जायचा, पण ‘नाका’ म्हणायचा हक्क त्यांना नव्हता. म्हणून बायकांनी आपली बैठक वेगळी मांडली.

माझ्या आजीची भिशी 1970 च्या दशकातली. बारा बायका, महिन्याला प्रत्येकी दहा रुपये. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी, पुरुष झोपले की मागच्या पडवीत जमायच्या. पितळेच्या गडूत चिठ्ठ्या टाकायच्या आणि घरातल्या लहान पोराने एक उचलायची. ते काम बरीच वर्षं माझं होतं. आजीला अक्षरं जेमतेम यायची, त्यामुळे वही शेजारच्या शाळामास्तरांची बायको लिहायची.

नियम चार. पैसे सगळ्यांच्या समोर मोजायचे आणि आकडा मोठ्याने बोलायचा. हप्ता चुकला तर तिथेच सांगायचा, पण ते पडवीबाहेर न्यायचं नाही. एखादीला नड असेल तर ती ‘या खेपेची मला हवी’ म्हणू शकते, मग जिची चिठ्ठी निघेल तिने ती द्यायची. आणि चौथा, कशाला हवी हे विचारायचं नाही.

एकदा एकीने विचारलंच. मागणारी बाई मान खाली घालून बसली. आजी म्हणाली, ‘पैसे मोज गो. कारण मोजू नको.’ पुढे कोणी बोललं नाही. बऱ्याच वर्षांनी कळलं की तिचा नवरा म्हापशाच्या आझिलोत होता, क्षयाने. घरात लग्नाची मुलगी. क्षयाचं नाव गावात फुटलं असतं तर ते लग्न मोडलंच असतं. मुलगी सुखाने नांदली आणि बाईने राहिलेले सगळे हप्ते फेडले. वहीत तिच्या नावापुढे आकड्यांशिवाय एक अक्षर जास्त नाही.

लेखी नोंदीची किंमत आपल्या गोव्याने मोठ्या प्रमाणावरही पाहिली आहे. बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु ही बँक गोव्यात 1868 पासून होती. लोक तिथे दागिने गहाण ठेवायचे. 1961 च्या मुक्तीआधी ते सोनं लिस्बनला हलवलं गेलं आणि परत यायला 1991 उजाडलं. तीस वर्षं माणसांच्या हाती पुराव्याला होत्या त्या पावत्या. ठेवणारी म्हातारी गेली, तरी ट्रंकेतला कागद नातवंडांनी जपला.

याउलट, आमच्या ओळखीत पुढे एक भिशी बुडाली. नाव घेत नाही. तिथे सगळं उलटं होतं. कोणाच्या घरी काय अडचण, कोणाच्या मुलाला नोकरी नाही, याच्या गप्पा उघड चालायच्या आणि एकूण जमा किती हे फक्त चालवणाऱ्याला माहीत. वही कोणी मागितली की ‘विश्वास नाही का?’ आजीच्या पडवीत हे वाक्य कधी ऐकलं नाही. वही मागण्यात अविश्वास आहे असं तिथे कोणालाच वाटत नव्हतं.

1982 चा चिट फंड कायदा वाचला तर तोही हेच मागतो. आधी परवानगी आणि नोंदणी, लेखी करार, सोडतीला किमान दोन सभासद हजर, आणि झालेलं लगेच वहीत लिहून सह्या. नाबार्डने 1992 मध्ये बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. त्या गटांची पंचसूत्रीसुद्धा बघा: नियमित बैठक, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड आणि हिशेबाची वही. आजीच्या पडवीतल्या बायकांना यातलं काही नवं वाटलं नसतं. एक मात्र कुठल्या कायद्यात मला दिसलं नाही, तो चौथा नियम. तो माणसांनीच पाळायचा असतो.

आज पुष्कळ घरांत, नातेवाइकांत भिशी चालते. जरूर चालवा, पण कायद्यात बसवून. हप्त्याच्या दिवशी आकडा सगळ्यांना ऐकू जाऊ दे, वही कोणालाही बघू दे. आणि कोणी नडीला आलं तर त्याच्या घरात डोकावू नका. घरच्या जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहा. मोडी असेल तर वाचणारी माणसं अजून आहेत. आणि आजी-आत्या असतील तर त्यांच्या भिशीचे नियम विचारून लिहून ठेवा. ते दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडणार नाहीत.