पोलादी भिंतीआडच्या प्रवाहाचा वेध

तेलशुद्धीकरण कारखान्यातील ऊर्ध्वपातन स्तंभ म्हणजे कित्येक मजले उंचीचे, सर्व बाजूंनी बंद असलेले पोलादी पात्र. आत द्रव खाली उतरत असतो आणि वाफ वर चढत असते. बाहेरच्या अभियंत्याला मात्र केवळ तापमान व दाबाचे आकडे दिसतात. उत्पादन घटले, तर आतला एखादा ट्रे निखळला की द्रव तुंबला, हे या आकड्यांवरून खात्रीने सांगता येत नाही. स्तंभ उघडून पाहायचा, तर उत्पादन बंद ठेवावे लागते. ते न थांबवता आत डोकावण्यासाठी गॅमा किरणांचा उपयोग होतो.

पदार्थ जितका दाट आणि जाड, तितके हे किरण अधिक अडतात. सीझियम-१३७ मधून निघणारे ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण सुमारे ८ सेंटिमीटर पाण्यात, तर पोलादाच्या अवघ्या १.२ सेंटिमीटर जाडीत निम्मे होतात. वाफेत ते फारसे अडत नाहीत. स्तंभाच्या एका बाजूस किरणस्रोत आणि समोर डिटेक्टर ठेवून दोन्ही एकाच पातळीत खाली सोडले, की प्रत्येक ट्रेपाशी मोजणी घटते. जेथे ती घटायला हवी तेथे घटली नाही, तर तो ट्रे जागेवर नाही, असे समजावे. भारतात अशा गॅमा स्कॅनिंगची सेवा नवी मुंबईत वाशी येथील विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ (ब्रिट) देते.

मात्र हे एकाच रेषेवरचे मोजमाप झाले. संपूर्ण आडवा छेद हवा असेल, तर अनेक दिशांनी मोजणी करून गणिताने प्रतिमा उभी करावी लागते. हीच टोमोग्राफी. तिच्या मुळाशी योहान राडोन यांनी १९१७ मध्ये मांडलेले गणित आहे. रुग्णालयातील सीटी स्कॅनही त्यावरच चालते. फरक एवढाच, की रुग्णाला श्वास रोखून धरायला सांगता येते, बुडबुड्यांना नाही.

खरी अडचण येथेच आहे. किरणांचे उत्सर्जन यादृच्छिक असल्याने १० हजार किरणांच्या मोजणीत सुमारे १ टक्का, तर १०० किरणांच्या मोजणीत १० टक्के अनिश्चितता राहते. घाईने घेतलेली प्रतिमा त्यामुळे धूसर येते आणि सावकाश घेतलेली प्रतिमा केवळ सरासरी दाखवते. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाने यावर उपाय म्हणून अमेरिसियम-२४१ चे पाच स्रोत आणि ८५ डिटेक्टर नळीभोवती स्थिर बसवले. फिरवण्यात जाणारा वेळ वाचला.

सरासरीही कमी मोलाची नसते. मुंबईत माटुंग्याच्या तत्कालीन यूडीसीटीमध्ये (आजची रसायन तंत्रज्ञान संस्था) पारसू वीरा आणि ज्येष्ठराज जोशी यांनी याच तंत्राने बबल कॉलममधील वायूचे वितरण मोजले. ते संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. वायू आत सोडणाऱ्या स्पार्जरची रचना बदलली, की हे वितरण कसे बदलते, हा त्यांचा प्रश्न होता. मध्यभागी वायू अधिक असेल, तर तेथून द्रव वर चढतो आणि भिंतीलगत खाली उतरतो. मिश्रण किती चांगले होईल, ते या अभिसरणावर अवलंबून असते.

स्रोत वापरण्यास अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे आहे; त्यामुळे काम संपल्यावरही स्रोत शिशाच्या आवरणात, नोंदीसह सांभाळावा लागतो.