काचचित्रांची साक्ष आणि कोकणचा जांभा

भूस्तरशास्त्राच्या इतिहासाची साधने म्हटली की अहवाल, नकाशे व खडकांचे नमुने आपल्या डोळ्यांपुढे येतात. मॅजिक लँटर्नच्या साहाय्याने पडद्यावर दाखविण्यासाठी तयार केलेल्या काचचित्रांची आठवण क्वचितच होते. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रंगीत फिल्म रूढ होईपर्यंत कडे, थर व खाणी श्रोत्यांस दाखविण्याचे प्रमुख साधन हेच होते. ही चित्रे ऐतिहासिक पुरावा म्हणून कितपत ग्राह्य मानावीत, हा प्रश्न दापोलीसारख्या जांभ्याच्या प्रदेशाच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे.

छायाचित्र काचेवर उतरवून ते दिव्यापुढे धरण्याची पद्धत फिलाडेल्फिया येथील लँगेनहाइम बंधूंनी १८५० च्या सुमारास प्रचारात आणली. पुढे इंग्लंडात सव्वातीन इंच चौरस काच हे प्रमाण ठरले. प्रतिमेवर दुसरी काच बसवून कडा कागदी पट्टीने चिकटवीत असत. १८८९ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने भूस्तरीय छायाचित्रांचा संग्रह व पद्धतशीर नोंद करण्यासाठी समिती नेमली. महाराष्ट्रात याच सुमारास कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हाताने रंगविलेल्या काचांचे खेळ सुरू केले. पौराणिक प्रसंगातील रंग चित्रकाराच्या कल्पनेतून यावा, यात वावगे काहीच नव्हते. परंतु विज्ञानविषयक काचांवरही हाताने रंग भरीत असत, आणि तेथे मात्र प्रश्न निराळा होतो.

दापोली तालुक्यात खाली दख्खनचा काळा बेसाल्ट व वर जांभ्याचे सडे अशी सामान्य रचना आहे. या खडकास ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील निरीक्षणांवरून १८०७ मध्ये दिले. ‘लॅटर’ म्हणजे विटा. ओला असता कापता येणारा व हवा लागताच कठीण होणारा हा खडक चिऱ्यांसाठी सोयीचा, म्हणून हे नाव. दक्षिण कोकणच्या भूस्तररचनेचे विल्किन्सनकृत विवेचन १८७१ मध्ये भारतीय भूस्तरसर्वेक्षण खात्याच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उभ्या छेदात वर तांबूस-तपकिरी कठीण कवच, त्याखाली मऊ जांभा, मग फिकट माती व शेवटी कुजलेला बेसाल्ट असा क्रम सामान्यतः आढळतो. यांतील सीमा ओळखण्यास रंगाचा मोठाच आधार असतो.

नेमका हाच आधार जुन्या काचचित्रांत ढळतो. प्रारंभीच्या छायाचित्रण-काचा निळ्या प्रकाशास संवेदनशील असून तांबड्यास जवळजवळ आंधळ्या होत्या. रंगद्रव्याने त्यांची संवेदनशीलता वाढविता येते, हे फोगेल याने १८७३ मध्ये दाखविले. तथापि सर्व रंगांस संवेदनशील काचा बाजारात यावयास १९०६ साल उजाडले. त्यामुळे तत्पूर्वीच्या चित्रात तांबडा जांभा बेसाल्टाइतकाच काळा दिसू शकतो व दोहोंमधील सीमा नाहीशी होते. फिकट माती मात्र उठून दिसते. अशा काचेवर नंतर चढविलेला लाल रंग हे रंगविणाऱ्याचे मत होय, खडकाची साक्ष नव्हे.

याचा अर्थ ही चित्रे टाकाऊ आहेत असा नाही. चिरेखाणीच्या पायऱ्या, भिंतीवरील हत्यारांच्या खुणा, कामगारांची मांडणी व सड्याचा मूळ उंचसखलपणा यांविषयी ती अहवालापेक्षा अधिक सांगतात. फक्त आकाराच्या साक्षीस रंगाची साक्ष जोडू नये. काचेची दिशाही तपासली पाहिजे. सुलट धरली असता खालच्या डाव्या कोपऱ्यात येणारा ठिपका हा प्रचलित संकेत होता. तो न पाहता काच उलटी वाचल्यास पूर्वेचा उतार पश्चिमेस जातो.

या चिकित्सेस आज निकड आहे. अलीकडच्या दशकांत दापोली-मंडणगड भागात बॉक्साइटचे उत्खनन झाले असून चिरेखाणींनीही जांभ्याचे थर कापले आहेत. बॉक्साइट जांभ्याच्या थरातच असल्यामुळे ते काढताना सड्याचा पृष्ठभाग व मूळ छेदही नष्ट होतो. अशा ठिकाणी जुने काचचित्र हा त्या छेदाचा एकमेव प्रत्यक्ष पुरावा ठरू शकतो. म्हणून विभागांच्या कपाटांतील काचा स्वच्छ करताना पट्टी व चिठ्ठी काढून टाकू नये; दोन्ही बाजूंची नोंद करावी; स्थळ, वर्ष व दिशा निश्चित झाल्याविना थरांची सीमा आखू नये. खडक गेल्यावर चित्राची उलटतपासणी करावयास दुसरा साक्षीदार उरत नाही.