अर्बुदाची रक्तरसद तोडणारे उपचार

बंगळुरूनजीकच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत, जिगणी जोडरस्त्यावरील बायोकॉनच्या प्रकल्पात, कर्करोगावरील बेव्हासिझुमॅब हे औषध तयार होते. हे औषध कर्कपेशींवर थेट हल्ला करीत नाही. त्यांना रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ ते रोखते.

या उपचारामागील कल्पना अमेरिकी शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. अर्बुद एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे व्हायचे तर त्याला प्राणवायू व पोषणासाठी स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. त्यासाठी ते ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन स्रवते आणि शेजारच्या वाहिन्यांना नवे फाटे फुटतात. १९८९ मध्ये नेपोलियोन फेरारा यांनी हे प्रथिन वेगळे केले. त्याला बांधून निष्प्रभ करणारे प्रतिपिंड म्हणजे बेव्हासिझुमॅब. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेने पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता दिली.

त्या वेळच्या चाचणीत केवळ रसायनोपचार घेतलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान १५.६ महिने होते. हे औषध जोडल्यावर ते २०.३ महिने झाले. म्हणजेच रोग समूळ नष्ट होत नाही, त्याची गती मंदावते. रक्तदाब वाढणे, रक्तस्राव, जखम उशिरा भरणे आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणे हे त्याचे धोके आहेत. त्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किमान २८ दिवस ते दिले जात नाही.

दर दोन वा तीन आठवड्यांनी शिरेतून घ्यावे लागणारे हे औषध महाग असल्याने त्याची जैवसमरूप आवृत्ती महत्त्वाची ठरते. बायोकॉनने नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘क्राबेवा’ या नावाने ती भारतात आणली. युरोपात २०२१ मध्ये, तर अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये कंपनीच्या या औषधास मान्यता मिळाली.

वारंवार सलाइन लावण्याऐवजी, वाहिन्यांची वाढ रोखणारे जनुकच विषाणूमार्फत शरीरात पोहोचवता येईल का, हा जनुकोपचाराचा प्रश्न आहे. याच वाटेवरील ‘व्हीबी-१११’ हा उपचार नव्या वाहिन्यांच्या पेशींना लक्ष्य करीत होता. मात्र मेंदूच्या अर्बुदावरील २०१८ ची आणि बीजांडकोशाच्या कर्करोगावरील २०२२ ची, अशा दोन्ही अंतिम टप्प्यातील चाचण्यांत तो अपयशी ठरला. त्यामुळे रक्तरसद तोडण्यासाठी रुग्णांची भिस्त आजही प्रतिपिंडांवर आणि त्याच हेतूच्या गोळ्यांवर आहे.