डिरेक्टरी नोंद

डिरेक्टरी नोंद : (संगणकशास्त्र). डिस्कवरील फाइलचे नाव आणि तिचा मजकूर यांचा सांधा जुळवणारी छोटी नोंद. फाइलचे नाव तिच्या मजकुरात नसते; ती ज्या फोल्डरमध्ये (डिरेक्टरीत) आहे, त्याच्या यादीत असते. त्यामुळे कित्येक जीबींच्या चित्रफितीचे नावही क्षणात बदलता येते. मजकूर जागचा हलत नाही, फक्त नोंद बदलते. नोंदीत किती माहिती ठेवावी, याबाबत दोन प्रमुख पद्धती आहेत.

फॅट पद्धत : डॉसपासून चालत आलेली ही पद्धत आजही पेनड्राइव्ह व कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांवर आढळते. तिची प्रत्येक नोंद बरोबर ३२ बाइटांची असते. म्हणजे ५१२ बाइटांच्या एका सेक्टरमध्ये १६ नोंदी बसतात. पहिले ८ बाइट नावाचे, पुढचे ३ विस्तारनामाचे. नाव लहान असेल तर उरलेली जागा कोऱ्या अक्षरांनी भरतात. मधला बिंदू साठवतच नाहीत. बाराव्या बाइटात फाइल ‘केवळ वाचनासाठी’ आहे, लपवलेली आहे की ती फोल्डर आहे, याच्या खुणा असतात. त्यानंतर तारखा व वेळा, मजकुराच्या पहिल्या क्लस्टरचा (सलग सेक्टरांच्या गटाचा) क्रमांक आणि शेवटच्या ४ बाइटांत आकार. आकाराला ४ च बाइट असल्याने फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंत पोचू शकत नाही. 

तारीख २ बाइटांत मावते : ७ बिट वर्षाचे (१९८० पासून मोजून), ४ महिन्याचे, ५ दिवसाचे. १ मे २०१० ही तारीख ३०, ५ आणि १ अशी मांडली जाऊन डिस्कवर १५५२१ ही संख्या लिहिली जाते. या मांडणीत २१०७ नंतरचे वर्ष बसत नाही.

विंडोज ९५ ने लांब नावांची सोय केली, ती जुन्या नोंदीला धक्का न लावता. लांब नावाचे १३-१३ संकेतांचे तुकडे करून ते ३२ बाइटांच्या जादा नोंदींत, मूळ नोंदीच्या आधी उलट क्रमाने लिहितात. ‘महाराष्ट्र’ या नावात काना व हलन्त धरून १० संकेत येतात. त्यामुळे एक जादा नोंद आणि प्रणालीने तयार केलेल्या छोट्या नावाची मूळ नोंद, असे ६४ बाइट लागतात.

युनिक्स पद्धत : येथे नोंदीत जवळजवळ फक्त नाव आणि एक क्रमांक असतो. आकार, तारखा, मालकी, मजकुराचे ठिकाण हे सारे त्या क्रमांकाच्या ‘आयनोड’मध्ये असते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत नोंद १६ बाइटांची होती : २ क्रमांकाचे, १४ नावाचे. लिनक्सच्या एक्स्ट४ प्रणालीत नोंदीची लांबी नावानुसार बदलते. सुरुवातीच्या ८ बाइटांत आयनोड क्रमांक, नोंदीची लांबी, नावाची लांबी व फाइलचा प्रकार असतो. नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला ३ बाइट लागत असल्याने मराठी नाव ८५ संकेतांतच संपते. नाव आणि फाइल वेगळी ठेवल्याचा मोठा लाभ असा, की एकाच फाइलला अनेक नावे देता येतात. शेवटचे नाव पुसले गेले आणि फाइल कोणी उघडलेली नसली, की मगच तिची जागा मोकळी होते.

शोध : फॅटमध्ये नाव शोधताना यादी पहिल्यापासून वाचत जावी लागते; हजारो फाइलींचा फोल्डर त्यामुळे मंदावतो. विंडोजच्या एनटीएफएस प्रणालीत नोंदी बी-वृक्षात लावतात, तर एक्स्ट४ मध्ये नावावरून काढलेल्या हॅश संख्येची अनुक्रमणी वापरतात.

पुसणे : फॅटमध्ये फाइल पुसताना नोंदीचा पहिला बाइट २२९ करतात आणि तिचे क्लस्टर, क्लस्टरांचा हिशेब ठेवणाऱ्या फॅट कोष्टकात, मोकळे दाखवतात. उरलेले नाव, आकार व मजकूर सहसा तसेच राहतात. सलग क्लस्टरांत लिहिलेली फाइल म्हणूनच परत मिळवता येते. मात्र नव्या फाइलला तीच जागा मिळाली, की जुना मजकूर कायमचा जातो. कार्डावरचे छायाचित्र चुकून पुसले गेल्यास ते परत मिळेपर्यंत त्या कार्डावर नवे काहीही लिहू नये.