संत नामदेवांच्या भक्तिविचाराचा पंजाबातील प्रसार

संत नामदेव (पारंपरिक काळ इ.स. १२७० – इ.स. १३५०) हे वारकरी संप्रदायातील संतकवी होत. त्यांचा भक्तिविचार महाराष्ट्राबाहेर पंजाबात पोहोचला आणि पुढे शीख धर्माच्या ग्रंथपरंपरेत सामावला. हिंगोली जिल्ह्यातील नरसी (नरसी नामदेव) हे गाव त्यांचे जन्मस्थान मानले जाते. काही अभ्यासक मात्र पंढरपूर हे जन्मस्थान मानतात.

पार्श्वभूमी

नामदेव शिंपी समाजातील होते. परंपरेनुसार हिंगोली जिल्ह्यातीलच औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांच्याकडून त्यांना गुरूपदेश मिळाला. पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांनी देव नाही अशी जागा दाखवण्यास सांगितले, अशी कथा प्रचलित आहे. ईश्वर मूर्तीपुरता मर्यादित नाही, हा या कथेचा आशय असून नामदेवांच्या हिंदी पदांतही तोच विचार प्रामुख्याने आढळतो.

पंजाबातील कार्य

ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर नामदेवांनी उत्तर भारतात भ्रमण केले आणि पंजाबात दीर्घकाळ वास्तव्य केले, असे परंपरा सांगते. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांच्या वास्तव्याशी निगडित गाव आहे. नामदेवांचे देहावसान तेथेच झाले, अशी पंजाबातील श्रद्धा आहे. महाराष्ट्रात मात्र पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची ‘नामदेव पायरी’ हे त्यांचे समाधिस्थान मानले जाते.

गुरू ग्रंथ साहिबमधील पदे

गुरू अर्जुनदेव यांनी इ.स. १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट असून ती १८ रागांत विभागलेली आहेत. शीख परंपरेत त्यांचा उल्लेख ‘भगत नामदेव’ असा होतो. या पदांच्या भाषेत मराठी शब्द व रूपे आढळतात. गज, कात्री व शिवणकाम या व्यवसायातील प्रतिमाही त्यांत येतात. विठ्ठल, राम व गोविंद यांच्यासोबत अल्लाह, करीम, रहीम ही नावेही येतात. पंढरपूरचा सगुण विठ्ठल येथे सर्वव्यापी, निर्गुण ईश्वराचे नाम ठरतो.

ग्रंथातील एका पदात, हीन जातीचा म्हणून मंदिरातून उठवलेल्या नामदेवांसाठी देऊळ फिरल्याचा प्रसंग आहे. महाराष्ट्रात हा प्रसंग औंढा नागनाथ मंदिराशी जोडला जातो. अशा रीतीने जातिभेदाविरुद्धची एकच कथा दोन धर्मपरंपरांत जतन झाली आहे.

अभ्यासकांमधील मतभेद

मराठी अभंग व हिंदी पदे एकाच कवीची आहेत काय, याविषयी एकमत नाही. नामदेव या नावाचे एकाहून अधिक कवी असावेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तथापि वारकरी व शीख या दोन्ही परंपरा त्यांना एकच व्यक्ती मानतात.

वारसा

पंजाबातून स्थलांतरित झालेल्या शीख समाजाबरोबर ही पदे ब्रिटन, कॅनडा आदी देशांतील गुरुद्वारांपर्यंत पोहोचली. एप्रिल २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमान येथे झाले. हिंगोलीलगतच्या नांदेड येथे इ.स. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान झाले. त्यामुळे मराठवाडा व पंजाब यांच्यातील धार्मिक संबंध दुहेरी स्वरूपाचे आहेत.