वर्गणी आणि शर्यत

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० साली, शिलाहार राजा माम्वाणि ह्याच्या कारकीर्दीत पुरे झाले, हे तेथील शिलालेखावरून आपणांस ठाऊक आहे. राजाने दान दिले आणि देऊळ उभे राहिले. परंतु महाशिवरात्रीस वालधुनीच्या काठी त्याच देवळाभोवती जी जत्रा भरते तिचे तसे नाही. देऊळ राजाचे असेल, जत्रा मात्र लोकांची आहे. आमच्या प्रांतातील मैदानी चढाओढींचा इतिहास पाहू गेल्यास तो बहुतांशी अशा जत्रांचाच इतिहास आहे, आणि जत्रेची वही उघडली की पहिल्या पानावर वर्गणीची यादी असावयाचीच.

देशावरील कोणत्याही जुन्या गावजत्रेतील कुस्त्यांचा फड आठवावा. प्रारंभी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, आणि दिवस कलता कलता शेवटची मोठी जोड. इनामाची रक्कम घरोघर फिरून गोळा केलेली. ज्याने चार आणे दिले तोही फडाच्या कडेला बसून पंचांशी हुज्जत घालण्याचा आपला हक्क बजावणार! पैलवान जिंकला तर तो गावाच्या पैशावर जिंकला. हरला तर गावाचे काही चुकले. अनेकांनी द्यावयाचे आणि एकाने लढावयाचे, असा हा जुना करार होता. देणगी आणि चढाओढ ह्यांची सांगड ही आधुनिक कल्पना आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आधुनिक आहे ती सांगड नव्हे, तिची उलटलेली दिशा. युरोप-अमेरिकेतील बर्फाळ डोंगरांत हल्ली अशा शर्यती होतात की जेथे स्पर्धक पायांस स्की बांधून, यंत्राचे साह्य न घेता, स्वतःच्या दमावर पर्वत चढतो व उतरतो. आणि त्याच्या ह्या खटाटोपाच्या निमित्ताने त्याचे स्नेहीसोबती एखाद्या रुग्णालयास किंवा अनाथ मुलांच्या संस्थेस पैसे देतात. ह्या खेळाचे मूळ मात्र परोपकारात नाही. १९३१ साली ओत्तोरिनो मेत्सालामा हा इटालियन गिर्यारोहक हिमलोटाखाली सापडून मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ १९३३ पासून मोंते रोझाच्या हिमनद्यांवरून शर्यत सुरू झाली, आणि तीत तिघातिघांनी एका दोरास बांधून घेऊन धावावे असा दंडक पडला. स्वित्झर्लंडमधील झेरमाट ते व्हर्बिए ही शर्यत तर १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, तेथील सैन्याने आपल्या शिपायांची कसोटी पाहण्यासाठी काढली. १९४९ साली तीत तिघे जण हिमनदीच्या भेगेत पडून दगावले, आणि ती जी बंद झाली ती १९८४ पर्यंत. शोक आणि युद्ध ह्यांच्या पोटी जन्मलेला हा खेळ पुढे दानधर्माचे वाहन व्हावा, हे आम्हांस मोठे कौतुकास्पद वाटते.

आमच्याकडे बर्फ नाही. पण उलटलेली दिशा आली आहे. १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत पहिली मोठी मॅरेथॉन धावली, आणि तेव्हापासून दरवर्षी धावणारांच्या द्वारे नाना संस्थांसाठी पैसा जमू लागला. त्याची बेरीज आजवर शेकडो कोटी रुपयांवर गेली आहे. ठराविक रक्कम जमवून देण्याचे वचन दिले की शर्यतीत जागा मिळते, अशीही एक वाट तेथे आहे. २०१२ पासून साताऱ्यास यवतेश्वरचा घाट चढून उतरण्याची अर्धमॅरेथॉन होते. पूर्वी यात्रेकरू आणि गुराखी ज्या वाटा चढत, त्या सह्याद्रीच्या वाटांवर आता मनगटावरील घड्याळाकडे पाहत धावणारे लोक दिसतात. बदलापूर-अंबरनाथच्या तरुणांस चंदेरी आणि मलंगगड हे डोंगर घराच्या गच्चीतून दिसतात. त्यांस ही हौस लागली नसती तरच नवल.

ह्या नव्या रीतीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. अंध मुलांच्या शाळेस पैसा मिळतो, तो धावण्याने मिळाला की जेवणावळीने, ह्याची चौकशी त्या मुलांनी कशास करावी? परंतु इतिहासाच्या अभ्यासकास एक गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही. जुन्या करारात ज्याच्यापाशी केवळ पाय होते तो धावे आणि ज्याच्यापाशी पैसा होता तो देई. नव्या करारात अशा जागेसाठी धावणारास पाय तर हवेतच, शिवाय पैसेवाले स्नेहीही हवेत. ज्याचे सारे गणगोत हातावर पोट भरणारे, त्याने कोणापुढे हात पसरावा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अशा एका अनवाणी मंडळीमुळेच हिंदुस्थानचा ऑलिंपिकमधील संघ जन्मास आला. पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालची. १९१९ च्या सुमारास तिचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा ह्यांच्याकडे आले. संस्थेच्या मैदानी शर्यतींत उतरणारे बरेचसे स्पर्धक आसपासचे शेतकरी होते. त्यांच्या पायांत जोडा नव्हता, आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या शिक्षणाचा त्यांस गंधही नव्हता. विलायतेत शिकलेल्या आणि तेथील मैदाने पाहिलेल्या टाटांनी घड्याळाकडे पाहिले तो ह्या लोकांच्या वेळा युरोप-अमेरिकेतील धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या! त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड ह्यांच्यापाशी विषय काढला, ब्रिटिश ऑलिंपिक समितीकडून प्रवेश मिळविला, आणि स्वतःची थैली मोकळी करून, इतरांसही देण्यास लावून, १९२० च्या अँटवर्प येथील सामन्यांस आपली माणसे धाडली.

त्या लहानशा संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीच्या मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ठरीव अंतराहूनही किंचित अधिक होते. परका देश, परके अन्न आणि परकी हवा. अशा स्थितीत चौगुले एकोणिसावे आले. त्यांच्यासमवेत सदाशिव दातारही त्या शर्यतीत उतरले होते. त्यांस ती पुरी करता आली नाही. मल्लांपैकी रणधीर शिंदे ह्यांचे पदक तर अगदी हातातोंडाशी येऊन गेले. ते चौथे राहिले. वर्तमानपत्री हिशेबाने पदके शून्य. पण जगापुढे ह्या देशाची माणसे संघ म्हणून प्रथम उभी राहिली ती पुण्याच्या एका मैदानावरील अनवाणी पायांमुळे आणि एका पारशी गृहस्थाच्या डोळसपणामुळे, ह्याचा विसर पडू नये. टाटांनी केलेल्या खर्चापेक्षा आम्हांस त्यांची नजर अधिक मोलाची वाटते. पैसा देणारे पुष्कळ भेटतात. मैदानाच्या कडेला उभे राहून घड्याळ लावून पाहणारे थोडे.

मात्र जुन्या करारात सारे गोडच होते असे मानणे हा भाबडेपणा होईल. आश्रयदात्याची मर्जी हा त्यातला काटा होता, आणि तो सलणारा होता. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्याने. मातीत वाढलेला हा मल्ल तेथे गादीवर लढला आणि सहावा आला. पुढे संस्थाने विलीन झाली. दान देणारा राजा उरला नाही. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी प्रवासखर्चाचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला, आणि पुन्हा वर्गणीची वही निघाली. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनी ऐपतीप्रमाणे दिले. पण तेवढ्याने भागेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्राचार्याने आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकावे, ही गोष्ट आजच्या वाचकास कादंबरीतील वाटेल. पण ती घडलेली आहे.

खाशाबांनी हेलसिंकीस कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र हिंदुस्थानातील व्यक्तीने मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत दीडशेहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि ते वाचताना कोणाचाही ऊर भरून यावा असेच आहे. परंतु तिच्यापुढची हकीगत तितक्या वेळा सांगितली जात नाही. सरकारदरबारी ह्या पदकाची म्हणावी तशी बूज राहिली नाही. १९५५ साली खाशाबा मुंबई पोलिसांत नोकरीस लागले, १९८४ साली अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांस मरणानंतर मिळाला. ह्या साऱ्याच्या आधी, पदक घेऊन आल्याबरोबर, त्यांनी एक काम केले. कोल्हापुरात कुस्त्यांचा फड लावविला, त्यात स्वतः उतरले, आणि त्या फडाचे जे उत्पन्न झाले ते प्राचार्य खर्डेकरांच्या हवाली केले. त्यातून घराचे गहाण सुटले.