आवाज कुठून आला?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त नातवाचे. त्याची बारावी झाली. कबूल केल्याप्रमाणे संगणकावर खेळ खेळण्यासाठी हेडसेट मी घेऊन द्यायचा होता. त्याने दोन निवडून ठेवले होते. एक साधा स्टिरिओ. दुसऱ्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '७.१ सराउंड साउंड' छापलेले, आणि किंमत जवळजवळ दुप्पट.

"आजोबा, यात शत्रू मागून आला तर पावलं मागूनच ऐकू येतात," तो म्हणाला.

"अरे, कान दोनच ना? मग सात कशाला?" मी विचारले. त्याला उत्तर देता येईना. मलाही येईना. निवृत्त झालो तरी मास्तरकी सुटत नाही, म्हणून वाचायला बसलो.

खरे सांगायचे तर यात माझाही स्वार्थ होता. चार वर्षांपूर्वी माझा डावा कान गेला. उजव्याने बोलणे नीट ऐकू येते, पण आवाज कोणत्या बाजूने आला ते कळत नाही. एकदा हिंगोलीच्या बाजारात मोटारसायकलचा हॉर्न ऐकून मी बाजूला सरलो, तो नेमका तिच्याच पुढ्यात! थोडक्यात वाचलो. ऐकू येते, मग दिशा का कळत नाही, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता.

त्याचे उत्तर लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडले. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण मेंदू तो टिपतो. जाड आवाजांत हा वेळेचा फरक उपयोगी पडतो. बारीक आवाजांना डोके आडवे येते, म्हणून ते पलीकडच्या कानात मंद पोचतात. एक कान गेला की तुलना करायला दुसरा उरतच नाही.

गंमत म्हणजे हे शास्त्र मांडले जाण्याआधीच माणसाने त्याचा अनुभव घेतला होता. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर ओळीने मायक्रोफोन ठेवले. दोन किलोमीटरहून अधिक अंतरावर लोक दोन्ही कानांना एकेक टेलिफोन लावून ऐकत आणि गायक या बाजूचा त्या बाजूला गेलेला त्यांना कळे. म्हणजे नातवाच्या हेडसेटचे हे पणजोबाच!

पुढे लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याला सिनेमा पाहताना खटकले की नट पडद्यावर चालतो, पण त्याचा आवाज एकाच जागी राहतो, असे सांगतात. १९३१ साली त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४० साली डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांच्या भोवती कर्णे बसवले गेले. आपल्याकडे १९७५ साली 'शोले' सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक आवाजासह आला. त्याच्या ध्वनिमिश्रणावर मंगेश देसाई या मराठी माणसाचे नाव आहे. आम्ही मात्र तो तंबूत पाहिला. तिथे गब्बर, ठाकूर आणि घोड्यांच्या टापा, सगळे एकाच कर्ण्यातून येत!

आता ते '७.१'. समोर तीन, दोन बाजूंना दोन, मागे दोन असे सात स्पीकर, आणि '.१' म्हणजे फक्त खर्जातल्या आवाजांसाठी वेगळी वाट. ही मोजणी सिनेमागृहाची. खोलीत सात स्पीकर ठेवता येतात. हेडसेटमध्ये मात्र बहुतेक वेळा कानाला एक असे दोनच असतात. मग पावले मागून कशी ऐकू येतात?

इथे मला आपले औंढा नागनाथ आठवले. नर्सीचे संत नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, त्यांना मागे जायला सांगितले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नंदी आजही देवळाच्या मागे आहे. आख्यायिकेचे खरेखोटे करायला मी बसलेलो नाही. पण ऐकणारा आवाजाकडे वळतो, एवढे त्यात अगदी खरे आहे. कारण बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, सारख्याच जोराने पोचतो. तेव्हा मेंदू दोन गोष्टींचा आधार घेतो. एक, कानाच्या पाळीच्या वळणांमुळे आवाजात होणारा बारीक बदल. दुसरी, मान वळवून पाहणे.

यातला पहिला आधार यंत्राला नकलता येतो. कानात चिमुकले मायक्रोफोन बसवून, कोणत्या दिशेचा आवाज कसा बदलतो हे मोजायचे आणि तोच बदल संगणकाने करायचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नासाच्या एम्स केंद्रात यावर काम झाले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑरिअल कंपनीच्या 'ए३डी' तंत्रातून ते खेळांत आले, तेही साध्या हेडफोनवर. पण मोजलेले कान दुसऱ्या कुणाचे असतात. म्हणून एकाला पावले मागून वाटतात, दुसऱ्याला डोक्याच्या आत! शिवाय मान वळवली तर हेडसेटही वळतो. मान कुठे वळली हे टिपणारा हेडसेट नसेल, तर दुसरा आधार सुटतोच.

थोडक्यात, सराउंडची करामत बहुतांशी सॉफ्टवेअरची आहे, खोक्यावरच्या आकड्याची नाही. विंडोजमध्ये २०१७पासून 'विंडोज सॉनिक' ही सोय फुकट मिळते, आणि कित्येक खेळांतही अशी सोय असते. फक्त दोन्ही एकदम लावू नयेत, आवाजाचा गोंधळ होतो. तेव्हा चांगला स्टिरिओ घ्यावा, कानाला आणि डोक्याला सुखाचा आहे का ते पाहावे, आणि डोळे मिटून दिशा ओळखून बघावी. नातवाला हे पटले. साधाच घेतला.

एक अट मात्र घातली, आवाज बेताचा ठेवायची. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, ही मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ला २० तासच. गेलेला कान परत येत नाही, हे त्याला मी सोडून कोण सांगणार?

रात्री त्याने हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला. मला अर्थातच उजवीकडचेच ऐकू आले, डावीकडचे सवाल-जवाब सगळे हरवले. त्याच्या ते लक्षात आले. काही न बोलता त्याने सेटिंगमध्ये 'मोनो' सुरू केले. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र होऊन माझ्या एका कानात आले. दिशा नव्हती, पण काही सुटतही नव्हते.

"आजोबा, आता सगळं येतंय ना?" त्याने विचारले.

येत होते. आणि तो कोणत्या बाजूला बसला आहे, हे कळायला मला कानाची गरज नव्हती.

असो. तुमच्यापैकी कुणी असा हेडसेट वापरत असाल, तर पावले मागून ऐकू येतात की डोक्यात, ते जरूर कळवा.